कुलपांची नोंदवही आणि ‘कुणाचं?’ नावाचा रकाना

मेट्रोत असाल, पीएमपीच्या गर्दीत उभे असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर सुरुवातीलाच एक प्रश्न. आज घरातून निघताना दाराला जे कुलूप लावलंत, त्याच्यावर काय कोरलेलं आहे? आठवत नाही ना? मलाही आठवलं नसतं. रोज हातात घ्यायची वस्तू, पण आपण तिच्याकडे बघत नाही.

माझ्याकडे सध्या ६४ कुलपं आहेत. त्यातलं एकही माझ्या दाराला लावलेलं नाही. किल्लीशिवाय उघडून बघायला म्हणून मी ती जमवली आहेत. नोकरी सॉफ्टवेअरची आणि छंद कुलपं उघडण्याचा. आता इंजिनिअर माणूस चार वस्तू जमवतो तेव्हा त्यांचा डेटाबेस केल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. तसा मीही केला. आजचा भाग त्या डेटाबेसबद्दल आहे. खरं सांगायचं तर त्यातल्या एकाच रकान्याबद्दल आहे. रकान्याचं नाव आहे ‘कुणाचं?’

या एका रकान्यापायी मी दोन चुका केल्या. एकदा तो भरला म्हणून आणि एकदा तो भरला नाही म्हणून. दोन्ही सांगते. मध्ये थोडं पुणं, थोडं लंडन, थोडी मुंबई आणि थोडे गडकिल्ले येतील.

छंद सुरू झाला २०२० मध्ये. लॉकडाउनमध्ये लॉक उघडायचा छंद, हा विनोद माझ्या सगळ्या मित्रांचा करून झालाय, त्यामुळे तुम्ही नाही केलात तरी चालेल. घरात बसून व्हिडिओ बघितले, एक पारदर्शक सरावाचं कुलूप मागवलं आणि तीन दिवसांनी ते उघडलं. तो ‘खट्’ आवाज एकदा ऐकला की माणूस कामातून जातो.

नंतर सगळं सुरू झाल्यावर मी जुन्या बाजारात जायला लागले. पुणेकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते : हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ताडपत्रीवर सगळं पसरलेलं असतं. पितळी नळ, टेलिफोनचे डबे, चष्म्याच्या फ्रेमा, बंद पडलेली घड्याळं आणि मधेच किल्ली नसलेली कुलपं. किल्ली नसलेलं कुलूप विकणाऱ्याच्या दृष्टीने भंगार असतं. माझ्या दृष्टीने तो एक प्रश्न असतो, आणि तोही स्वस्तात मिळालेला.

पाच-सहा कुलपं झाल्यावर मला आठवेना, कुठलं कसं उघडलं होतं ते. मग एक्सेल शीट केली. वीसच्या पुढे गेल्यावर ती पुरेना, म्हणून एसक्यूलाइटमध्ये नीट डेटाबेस बांधला. प्रत्येक कुलपाला क्रमांक. मग धातू, वजन, कडीची जाडी, आतली रचना, लिव्हर किती किंवा पिना किती, किल्लीच्या दात्यांची उंची, पहिल्यांदा उघडायला लागलेला वेळ, फोटो, स्थिती. आणि सगळ्यात शेवटी, उगाच आपला असावा म्हणून घातलेला रकाना : ‘कुणाचं?’

या छंदाचे जगभर दोन नियम आहेत. एक, जे कुलूप तुमच्या मालकीचं नाही ते उघडायचं नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे ते उघडायचं नाही. हे दोन नियम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आता पुण्यात कुलपांचा छंद म्हटलं की एका माणसाच्या दारात जावंच लागतं. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६, मृत्यू १९९०. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या आसपास जुन्या वस्तू गोळा करायला लागले. १९६० पर्यंत त्यांच्याकडे साधारण १५,००० वस्तू झाल्या होत्या. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत ते संग्रहालय आहे. आज तिथे २०,००० हून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम अडीच हजार एका वेळी मांडलेल्या असतात.

तिथे गेलात तर शस्त्रं दिसतील, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल दिसेल. पण केळकरांचा खरा जीव घरगुती वस्तूंत होता. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दौती, भांडी. आणि कुलपं. मी ती कुलपं बघायला गेले तेव्हा काचेला नाक लावून उभी होते. पहारेकऱ्याने दोनदा वळून बघितलं. त्याचंही बरोबर आहे म्हणा, कुलपांकडे इतकं प्रेमाने बघणारा माणूस संशयास्पदच वाटणार.

जुन्या भारतीय कुलपांत एक प्रकार सर्रास दिसतो. त्याला सोपं म्हणून खटक्याचं कुलूप म्हणू. आतल्या दांड्याला पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, पंखांसारख्या फाकलेल्या. दांडा आत ढकलला की पट्ट्या मिटतात, आत शिरल्यावर पुन्हा फाकतात आणि अडकून बसतात. किल्लीचं काम एवढंच की पट्ट्या बाहेरून दाबून परत मिटवायच्या. रचना सोपी होती, म्हणून कारागिरांनी सगळी हुशारी भोक लपवण्यात घातली. कुठे झाकणाखाली भोक, कुठे एक कळ सरकवल्याशिवाय भोकच दिसत नाही, कुठे किल्ली स्क्रूसारखी फिरवत न्यायची. म्हणजे ‘कसं उघडायचं’ हे ज्याला माहीत, तोच मालक.

केळकरांबद्दल आणखी एक गोष्ट. संग्रहालयाचं नाव ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. लहानपणी मला वाटायचं की हे कुणी संस्थानिक असणार. राजे दिनकर केळकर! खरं असं की राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. एकुलता एक मुलगा, लहान वयात गेला. त्याच्या नावाने हा सगळा संग्रह केळकरांनी ठेवला. वीस हजार वस्तूंच्या त्या संग्रहाच्या नावातच ‘कुणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि मी ते कितीतरी वर्षं चुकीचं वाचत होते.

आता लंडनला जाऊ, कारण माझी पहिली चूक समजायला एक जुना वाद माहीत हवा. वाद असा : कुलूप कसं चालतं हे उघडपणे लिहावं की लपवून ठेवावं?

१७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन या इंग्रजाने लिव्हरच्या कुलपात एक मोठी सुधारणा केली. कुलपाच्या आत एकावर एक पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणायचं. किल्लीचा प्रत्येक दाता एकेका लिव्हरला उचलतो. बॅरनच्या कुलपात लिव्हर कमी उचलला तरी अडतं आणि जास्त उचलला तरी अडतं. प्रत्येकाला त्याची नेमकी उंची मिळाली तरच आतली जीभ सरकते. समजा ७ लिव्हर आहेत आणि प्रत्येकाला ४ उंच्या शक्य आहेत, तर ४ चा ७ वा घात, म्हणजे १६,३८४ वेगवेगळ्या किल्ल्या. पासवर्डचंच गणित आहे हे.

१८१८ मध्ये चब कंपनीने ‘डिटेक्टर’ कुलूप आणलं. त्यात कुणी चुकीच्या साधनाने लिव्हर जास्त उचलला की तो वरच अडकून बसायचा. मालकाने नंतर किल्ली लावली की त्याला कळायचं, कुणीतरी हात घालून गेलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘फेल्ड लॉगिन अटेम्प्ट’चा अलर्ट. आणि पिकॅडिलीत ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं. किल्लीशिवाय उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा! साठ वर्षं ते तसंच राहिलं.

१८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज आला. त्याने चबचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडलं, आणि ७ मिनिटांत परत बंदही केलं, अलर्ट न वाजवता. मग ब्रामाचं घेतलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. लंडनच्या वर्तमानपत्रांत खळबळ. आपल्या तिजोऱ्या सुरक्षित नाहीत तर! आणि दुसरीकडे लोक हॉब्जवरच चिडले, की हे असं जगाला सांगायचं कशाला, चोरांना आयतं शिक्षण?

१८५३ मध्ये हॉब्जच्या माहितीच्या आधारे चार्ल्स टॉमलिन्सनने कुलपांवर एक पुस्तक संपादित केलं. त्यातला मुद्दा आजही सायबर सिक्युरिटीवाले सांगतात. चोरांना त्यांच्या धंद्यातलं आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या साध्या माणसाला. दोष लपवून ठेवला की फायदा चोराचा, उघड केला की कारागिराला सुधारावंच लागतं.

झालंही तसंच. हॉब्जनंतर कुलपं सुधारली. अमेरिकेत धाकट्या लायनस येलने १८६० च्या दशकात पिनांचं छोटं, चपट्या किल्लीचं कुलूप पक्कं केलं. आपल्या फ्लॅटच्या दारांना आज बहुतेक त्याचीच नातवंडं लावलेली असतात.

आणि लंडनच्या त्या गोंधळानंतर ४६ वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईत लालबागला आर्देशीर गोदरेज नावाच्या तरुणाने कुलपं बनवायला सुरुवात केली. वकिली शिकलेला माणूस. झांझिबारला वकिली करायला गेला आणि ती सोडून परत आला. मग शस्त्रक्रियेची उपकरणं बनवली. त्यावर ‘भारतात बनवलेलं’ असा शिक्का मारू द्यायला गिऱ्हाइकाने नकार दिला, तेव्हा तो धंदाही सोडला. त्यानंतर कुलपं. त्या काळातल्या पुष्कळ कुलपांत लिव्हर खाली दाबायला स्प्रिंग असायची, आणि स्प्रिंग थकते, तुटते. आर्देशीर यांनी स्प्रिंगच नसलेलं कुलूप बनवलं. याच आर्देशीर यांनी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. पुढे नवताल आलं, आणि आपल्या कितीतरी घरांत ‘कुलूप’ म्हणजे डोळ्यांसमोर तेच येतं. माझ्या डेटाबेसमध्ये ११ नवताल आहेत. त्यातली जुनी, झिजलेली उघडली. दोन अजून माझ्याकडे बघून हसतात.

तर हे सगळं वाचून मी पक्की हॉब्जवादी झाले होते. ज्ञान उघडं असावं, डेटा खुला असावा. मी माझा डेटाबेस गिटवर टाकला आणि देशभरातल्या छंदी मंडळींच्या एका छोट्या गटाला लिंक दिली.

इथे पहिली चूक.

त्याच्या महिनाभर आधी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची किल्ली कुलपात तुटली होती. रात्रीचे साडेदहा. किल्लीवाला मिळेना. काका वर आले आणि म्हणाले, “अगं, तुला त्यातलं कळतं ना काहीतरी?” मी गेले, तुटका तुकडा काढला, कुलूप उघडलं. काकूंनी रात्री अकराला कॉफी पाजली. नवीन किल्ली करून घेता यावी म्हणून मी दोन्ही तुकडे जोडून फोटो काढला आणि कॅलिपरने दात्यांची मापं घेतली. वर येऊन सवयीने सगळं डेटाबेसमध्ये भरलं. कुलूप क्रमांक ३९. लिव्हर ७, उंच्या अमुक अमुक, फोटो. ‘कुणाचं?’ या रकान्यात काकांचं आडनाव आणि फ्लॅट नंबर. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच मापाच्या दोन किल्ल्या करून घेतल्या आणि कुलूप परत दाराला लागलं.

नियम नंबर दोन आठवतो? वापरातलं कुलूप. मी तो मोडला होता. मदत केली म्हणून मला तो मोडल्यासारखा वाटलाच नाही.

गटातल्या नागपूरच्या एका मुलाने मला मेसेज केला. “३९ नंबर तुझ्याच सोसायटीतलं आहे का? रेपो तुझ्या खऱ्या नावाने आहे. फोटोत लोकेशन आहे. काढून टाक.”

मी वाचलं आणि हातपाय गार पडले.

किल्लीचा फोटो म्हणजे किल्लीच असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी १९५ फुटांवरून, इमारतीच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोतून किल्लीची मापं काढून दाखवली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या बातमीत विमानतळावरच्या बॅगा तपासायच्या मास्टर किल्ल्यांचा फोटो छापून आला, आणि पुढच्याच वर्षी त्या किल्ल्यांच्या थ्रीडी प्रिंटरवर छापता येतील अशा फाइली इंटरनेटवर फिरत होत्या. मी या दोन्ही गोष्टी गटात सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आणि तेच मी स्वतः करून बसले होते.

ओळ डिलीट केली. पण गिट विसरत नाही, जुनी प्रत इतिहासात तशीच राहते. मग आख्खा रेपो उडवला. पण दरम्यान किती जणांनी तो उतरवून घेतला, हे मला कळायला मार्गच नव्हता.

मग जिना उतरून काकांकडे गेले. सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हणजे आमच्या घराच्या किल्ल्या आता किती जणांकडे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. गटात ३१ लोक होते. मी म्हटलं, “काका, नवीन कुलूप मी आणून देते.” ते म्हणाले, “नको, मीच आणतो.” त्यांनी आणलं. कुठल्या कंपनीचं आणलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. काकू अजून कॉफीला बोलावतात, पण किल्ली मात्र माझ्यासमोर पर्समधून बाहेर काढत नाहीत.

त्या आठवड्यात मी डेटाबेसला हात लावला नाही. मग वाचायला घेतलं, आणि उत्तर मला गडावर सापडलं.

आपण सगळे हिरकणीची गोष्ट ऐकून मोठे झालो. रायगडाचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद झाले, बाळ घरी, म्हणून ती कडा उतरून गेली. ती दंतकथा आहे, पण तिच्यामागची व्यवस्था खरी आहे. संध्याकाळी दरवाजे बंद, सकाळी उघडायचे, आणि गडाच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. हे काम त्याने स्वतः बघायचं.

पण गड एकट्या हवालदाराचा नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या कारभाराचं वर्णन केलंय, त्यात प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी सारख्याच दर्जाचे सांगितले आहेत. तिघांनी मिळून कारभार करायचा. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, म्हणजे लेखी नोंद. हवालदाराकडे किल्ल्या. कुणा एकाच्या मनात फितुरी आली तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

हे वाचताना मला माझा डेटाबेस दिसायला लागला. मी एकाच टेबलात हवालदार आणि सबनीस दोघांना बसवलं होतं! किल्लीचं माप आणि घराचा पत्ता, एकाच ओळीत. हॉब्जने जगाला सांगितलं ते कुलूप ‘कसं’ चालतं हे. त्याने लंडनमधल्या कुठल्या घराला कुठली किल्ली लागते याची यादी छापली नव्हती. ज्ञान खुलं ठेवणं आणि लोकांचं घर खुलं ठेवणं, यातला फरक मला कळायला एका शेजाऱ्याचा विश्वास खर्ची पडला.

मग मी नवा नियम केला. ‘कुणाचं?’ हा रकाना कायमचा बंद. कॉलमच काढून टाकायचा. सुरक्षित, स्वच्छ, सोपं.

आणि हीच दुसरी चूक ठरणार होती. खरं तर ती आधीच होऊन गेली होती.

कॉलम काढायच्या आधी मी एकदा सगळ्या ओळी वाचत होते. रविवारची दुपार, आजी शेजारी बसून भाजी निवडत होती. आजी ८४ वर्षांची आहे. मी मोठ्याने वाचत होते, “क्रमांक ७. लोखंडी, मोठं, घरातल्या ट्रंकेत मिळालं. किल्ली : नाही. स्थिती : जाम, आत वाळलेली माती. रॉकेलने साफ केलं.”

आजी म्हणाली, “दाखव बघू.”

दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटं केलं, किल्लीच्या भोकात नख घालून बघितलं.

“माती काढलीस?”

“हो अगं, घट्ट बसली होती. दोन दिवस भिजवलं तेव्हा निघाली.”

“पानशेतची होती ती,” आजी म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी : १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे बसले. पुण्याच्या जुन्या घरांत आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असा काळ मोजतात.

आजी तेव्हा एकवीस वर्षांची होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नारायण पेठेत वाडा. पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा तिच्या सासूबाईंनी आधी कोठीच्या खोलीला कुलूप घातलं. वर्षाचं धान्य भरलेलं होतं. किल्ली कमरेला खोचली आणि मग सगळे पर्वतीच्या दिशेने चालायला लागले. पाणी ओसरल्यावर परत आले तर कुलूप जागच्या जागी, पण आत गाळ गेलेला, किल्ली शिरेना. शेवटी आजोबांनी पहारीने कोयंडा उखडला. आतलं धान्य कुजलं होतं.

“कुलूप मात्र सासूबाईंनी टाकू दिलं नाही. मी एकदा घासायला घेतलं तर म्हणाल्या, राहू दे, असू दे ती माती. मग मीही ठेवलं.”

मी विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. माझ्या डेटाबेसमध्ये त्याच्या पट्ट्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत होती. उघडायला लागलेला वेळ होता, १४ मिनिटं. आणि ज्या मातीसाठी ते कुलूप साठ वर्षं जपलं, ती मी ‘घाण’ समजून रॉकेलमध्ये भिजवून मोरीत ओतली होती. ती कुठल्याही बॅकअपमधून परत येणार नाही.

आजी उठली, आतून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तिच्या कपाटाला एकच किल्ली लागते, पण जुडग्यात नऊ आहेत. त्यातली एक लांब, लोखंडी, टोकाला गंजलेली. तिने ती क्रमांक ७ मध्ये घातली. थोडी अडली, मग फिरली.

“बघ, साफ केलंस म्हणून चालली तरी,” ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

तर मंडळी, कॉलम मी काढला नाही. दोन टेबलं केली. जी कुलपं आज कुठल्या तरी दाराला लागलेली आहेत, त्यांच्यासाठी ‘कुणाचं?’ हा रकाना अस्तित्वातच नाही. किल्लीची मापं नाहीत, फोटो नाहीत. रचना कशी आहे एवढंच. आणि ज्यांचं दारच आता उरलेलं नाही, वाडा पडला, इमारत झाली, माणसं गेली, त्यांच्यासाठी तोच रकाना पहिला भरायचा. त्याशिवाय पुढचे रकाने उघडतच नाहीत, कोडच तसा लिहिलाय. एकच माहिती, पण कुलूप जिवंत असेल तोवर ती जोखीम आणि कुलूप निवृत्त झालं की तोच त्याचा इतिहास.

जुन्या बाजारातून आणलेल्या ४०-४५ कुलपांचा तो रकाना रिकामाच राहणार. विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्याच्याकडे ती वाड्यांच्या भंगारातून, पोत्यातून येतात. आता मी कुलूप घेताना निदान एवढं विचारते, “कुठल्या भागातून आलं हो हे?” कधी ‘सोमवार पेठ’ एवढंच उत्तर मिळतं. तेवढं तर तेवढं, लिहून ठेवते. आणि माती दिसली तर आधी फोटो, मग प्रश्न, आणि रॉकेल सगळ्यात शेवटी.

आता तुमचं काम. घरी गेलात की आजीचा, आईचा जुडगा मागा. त्यातली कुठल्याच दाराला न लागणारी किल्ली शोधा. तिचा फोटो काढायची घाई करू नका, आधी विचारा की ही कुठली. आणि उत्तर लिहून ठेवा. ज्या दाराला ती आज लागते, ते मात्र लिहू नका, आणि मला तर अजिबात पाठवू नका!

पुढच्या भागात भेटू. तोवर, बाहेर पडताना कुलूप एकदा ओढून बघा.